रापणीचा वाटा

रापणीचं जाळं बांगड्यांनी भरलं होतं, पण पाण्याची ओढ उलटी फिरली आणि किनाऱ्यावर दोर ओढायला माणसं कमी पडली. रापणीचा म्होरक्या झिलू टाचा वाळूत रोवून ओढत होता. आज जाळं फाटलं, तर पुन्हा विणायला हातच उरले नव्हते; रापण कायमची बंद पडली असती. गावची तरणी पोरं परदेशी पाहुण्यांच्या सरबराईत गुंतली होती. ते पाहुणे सहा-सहा महिने राहायचे आणि लॅपटॉपवर आपापल्या देशातली कामं करायचे.

"पुंडलिका, हात लाव रे!" झिलू पुतण्यावर ओरडला.

"काका, पावण्यांचो नाश्तो ऱ्हवलो हा मरे!" पुंडलिक किनाऱ्यालगतच्या घराच्या व्हरांड्यातूनच म्हणाला.

त्याच्यामागून एक पाहुणाच धावत आला. त्याने दोर धरला. तळव्यांची सालं निघाली, तरी सोडला नाही. हळूहळू जाळं वाळूवर आलं.

दोराला हात लावेल त्याला वाटा, ही रापणीची रीत. झिलूने पाहुण्यापुढे बांगडे ठेवले. तो हसून मान हलवू लागला.

"नको म्हणता. गंमत म्हणून ओढलो," पुंडलिकाने उलगडून सांगितलं.

झिलूचा चेहरा ताठला. "गंमत? आमका भीक घालता? सांग तेका, वाटो नको, तर परत दोराक हात लावूक नको."

पुंडलिकाने चाचरत सांगितलं. पाहुण्याचं हसू मावळलं. त्याने सोललेल्या हातांची ओंजळ पुढे केली.

"ह्यो आता गावचो झालो," झिलू पुतण्याकडे वळून म्हणाला. "पावणो तू."