ओला गॅस

"काका, या पंपाकडे दिवसभर बघत बसायचा तुम्हाला पगार मिळतो का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने विचारलं. मागे अख्खी नववी खी खी करत होती. शाळेची सहल गॅस केंद्रावर आली होती, आणि माहिती द्यायला उभे असलेले ऑपरेटर म्हणजे तिचेच बाबा होते.

"मिळतो की, ताई," बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "बघता बघता झोप लागली तर मात्र मिळत नाही."

वर्ग खदखदून हसला. पैज ती जिंकली.

बाबांनी पंपावर हात ठेवला. पंप कसला, घरातल्या मिक्सरएवढा. टक टक करत तो जाड पाइपात मिथेनॉल नावाचं रसायन सोडत होता. जमिनीखालून, गॅसच्या विहिरीतून येणारा गॅस ओला असतो, बाबा सांगू लागले. दाब जास्त असला आणि हवा गार पडली की गॅस आणि पाणी एकमेकांना धरून बसतात. बर्फासारखा गोळा होतो, तोही नुसतं पाणी गोठायच्या आधीच. गोळा अडकला की सगळी लाइन ठप्प. मिथेनॉल तो होऊ देत नाही.

"आपल्याकडे एकदाही तुंबलेलं नाही," ते म्हणाले. मान ताठ झाली होती.

घरी ते इतकं बोलत नसत. त्यांनी बढती नाकारली आणि आईला ते शेजारच्या काकूंकडून कळलं, तेव्हापासून आई-बाबांचा अबोला होता. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. निरोप चालत. पोस्टमन ती. "आई, बाबा विचारतायत, पाठ कशी आहे?" "बाबा, आई म्हणते, उशीर होणार असेल तर कळवत जा, काळजी लागते." आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणे, "बरी आहे म्हणावं." बाबा उशीर झाला की फोन करत. तिच्या मोबाइलवर. एकदा ती मावशीकडे राहायला गेली. परत आली तर घरातला सिलिंडर संपलेला, आणि दुसऱ्याने नोंदवला असेल म्हणून दोघंही गप्प बसलेली. त्यानंतर ती कुठे राहायला गेली नाही.

"म्हणजे या औषधाने गॅसमधलं पाणी निघून जातं?" तिने विचारलं. हे पैजेत नव्हतं.

"छे! पाणी असतं तिथेच असतं. फक्त गोठत नाही."

"मग पंप बंद कधी करायचा?"

"बंद कसा करणार? गॅस ओला आहे तोवर हे चालूच."

"गॅस कोरडा करता येत नाही?"

"येतो ना. त्याला वेगळं यंत्र असतं. पण ते बसवायचं तर लाइन थांबवायची, उघडायची, म्हणजे सगळा खोळंबा. साहेब म्हणतात, चाललंय ना? मग कशाला?"

"आळशी कुठले!" मागून कुणीतरी म्हणालं. बाबाही हसले. ती हसली नाही.

रात्री तिघं जेवायला बसली.

"तुझ्या बाबांना विचार, भात वाढू का अजून," आई म्हणाली.

"आईला म्हणावं, बास," बाबा ताटाकडे बघत म्हणाले.

दोघांच्या मध्ये एक पातेलं होतं. ती काहीच बोलली नाही. आईने डाव तसाच हातात धरला. बाबांनी मान वर केली.

"अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" आई म्हणाली.

"मी एक ठरवलंय." तिचा आवाज जरा जास्तच मोठा आला. "आजपासून निरोप बंद. काय ते एकमेकांना विचारा."

"का गं?" बाबा म्हणाले. "चाललंय की सगळं नीट."

"बाबा, तुम्ही आईच्या पाठीचं कधीच विचारलं नव्हतंत. आणि आई, काळजी लागते असं तू एकदाही म्हणाली नव्हतीस. ते सगळं मी पदरचं घालत होते. आता नाही घालणार."