जबड्याखालची पाटी

साहेबांनी आमच्या दारावरचा रानडुकराचा जबडा उतरवला आणि त्याखाली लावायची पाटी दाखवली. संग्रहालयात किनाऱ्याचा वारसा मांडणार म्हणे. पाटीवर छापलं होतं: 'शिकारी – धाकोजी राऊळ.'

ओटीवर बसलेल्या आमच्या ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. चाळीस वर्षं ही एकच पारध सांगून गावभर चहा प्यायलेत. मी ऐकून घेतलं, म्हाताऱ्याला तेवढीच करमणूक. पण छापील खोटं मला सोसवत नाही.

"साहेब, मी खाडीकाठी ह्यांची न्याहारी घेऊन गेले होते. डुक्कर अंगावर आलं तसे हे भाला टाकून काजूच्या झाडावर चढले. तो भाला मी चालवला."

"अगो, कुठे मारायचं ते वरून मीच सांगत होतो ना!"

"आमच्यात पारधीचा वाटा कुत्र्यांनाही मिळतो, पळालेल्याला नाही. त्या दिवशी हे माझ्या वाट्यातलं जेवले. विचारा."

मिशीवरचा हात खाली आला.

मी साहेबांचं पेन मागून घेतलं. शाळा दुसरीपर्यंतच, पण 'शिकारी'पुढे जागा करून माझं नाव घातलं: द्वारका राऊळ. ह्यांचं मात्र खोडलं नाही, इतक्या वर्षांचा संसार आहे. त्याच्यापुढे फक्त एक शब्द जोडला: 'झाडावर.'