तेरा ठिपके

"मॅडम, ती चोराची क्लिप मला मिळेल का?"

वर्गमैत्रीण प्रणोतीनं डिवचलं होतं, "तू विचारूनच दाखव!" समिधानं विचारलं. पूर्वीची समिधा दारातूनच परतली असती. पण सहामाहीत गणितात चौऱ्याऐंशी पडल्यापासून काठावर पास होणारी ही पोरगी कुणालाच भीत नव्हती.

प्राचार्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "क्यों? अब उसमें क्या बचा है?"

"विज्ञान प्रदर्शनासाठी. चालण्यावरून माणूस ओळखता येतो, ते दाखवायचंय."

हे अर्धंच खरं होतं. डिसेंबरात एका रविवारी दुपारी कुणीतरी शाळेतलं सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचं कपाट उघडलं होतं. गेलं काहीच नव्हतं. मॅडमनी सीसीटीव्हीच्या क्लिपमधलं एक थांबवलेलं चित्र वर्गावर्गांत दाखवलं. मफलरात झाकलेला चेहरा, अंगात खाकी कोट. समिधानं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा भर वर्गात तोंड उघडलं. "हा तर नथ्थू भैयाचा कोट!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. शिपाई नथ्थूची नोकरी गेली.

"कोट मेरा है बिटिया, मैं नहीं," फाटकापाशी तो एवढंच म्हणाला.

कोट तर ऑफिसातल्या खुंटीला सदा लटकलेला असायचा. कुणीही घालावा. हे तिला नंतर सुचलं. फार नंतर.

परवा अधारतालच्या बाजारात तो हातगाडीवर पेरू विकताना दिसला. नमस्ते त्यानंच आधी केलं. त्याच रात्री तिनं ठरवलं, क्लिपमधला माणूस खरंच तोच का, ते बघायचं.

"झालं गेलं, जाऊ दे बेटा," बाबा म्हणाले. श्रीरंगराव त्याच शाळेत हेडक्लार्क. नथ्थूच्या घरी दोनदा गव्हाची पिशवी त्यांनीच पोचवली होती. बाबांचं मन एवढं मोठं, म्हणून तर तिला आणखीच लाज वाटायची.

क्लिप मिळाली. चार दिवस ती लॅपटॉपवर एकेक चित्र घेऊन बसली. डोकं, खांदे, कोपरं, मनगटं, कंबरेच्या दोन्ही बाजू, गुडघे, घोटे. तेरा ठिपके द्यायचे आणि खालचं चित्र पुसून टाकायचं. कोट गेला, मफलर गेला. काळ्यावर पांढरे ठिपके तेवढे उरले, सांडलेल्या साबुदाण्यासारखे. थांबलेले असताना त्यांत माणूस दिसतच नव्हता. ते हलू लागले की डोळा मागचं-पुढचं जोडत जातो आणि माणूस उभा करतो, असं तिनं वाचलं होतं. पण चालवून बघायचा धीर होत नव्हता. चाल नथ्थूचीच निघू दे, एवढंच ती देवाजवळ मागत होती.

शेवटी तिनं आईला हाक मारली. बाबा पलीकडे चहा घेत बसले होते.

आई हात पुसत आली. "हे काय, रांगोळी काढून राहिली का?"

"थांब ना! आता बघ. कोण आहे, सांग."

ठिपके चालू लागले. एक पाऊल, दोन पावलं.

आई खळखळून हसली. "अगं बाई, प्रदर्शनाला बाबांनाच धरलं का? वीस वर्षं पाहून राहिली मी ही चाल! अहो, या ना, बघा तुम्ही कसे चालता ते!"

बाबा उठले नाहीत. हातातला कप तोंडापाशी गेला नाही, खालीही आला नाही.

समिधानं लॅपटॉप मिटला.

"आई, उद्या मी नथ्थू भैयाला घेऊन मॅडमकडे जाणार आहे," ती म्हणाली. "आणि बाबा, गणिताची परीक्षा मी पुन्हा देणार."