सगुणाबाईची फुंकर

अकरावं अंडंही नासकं निघालं आणि अंकिताच्या हातातच फुटलं. हिरवंकाळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि असा वास सुटला की दारातली कुत्रीसुद्धा उठून गेली. अंकिता मोरीकडं पळाली. ओकली, साबणानं दोनदा हात धुतले, हुंगून पाहिले, तिसऱ्यांदा धुतले.

अठ्ठावीस दिवस तिनं बदकाच्या ह्या बारा अंड्यांमागं काढले होते. थर्माकोलचा खोका, साठचा बल्ब, पाण्याची वाटी. लाइट गेली की वरून गोधडी. सासू सगुणाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "खुडूक कोंबडीखाली ठिव की गं. फुकट उबावती." पण अंकिता पडली दौंडची, शहरात वाढलेली. तिला कोंबडीच्या पिसवांची किळस. बदकं पाळायची हौस दांडगी, पण पिसू नको! शिवाय गावभर सांगून बसलेली. आता निदान एक तरी पिल्लू जगायला हवं होतं, नाहीतर सगळ्या आळीनं हसून घेतलं असतं.

बाराव्या अंड्यातलं पिल्लू बाहेर आलं होतं, पण खोक्यात आडवं पडलेलं. ओलं, गिळगिळीत. नाकपुड्यांत शेंबडासारखा चिकटा भरलेला. चोच उघडायचं, मिटायचं, श्वास काही आत जात नव्हता.

"आत्याबाई, हेही चाललं हो!" अंकिता रडकुंडीला आली.

"मग उचल की. नाक मोकळं कर त्याचं."

"मी? ईऽऽ! मला नाही जमायचं. शिसारी येते."

सगुणाबाईनं पिल्लू उचललं. तिची निम्मी हयात मेंढरांमागं गेलेली, शेकडो कोकरं तिनं हातावर झेललेली. तिनं सरळ ती चोच तोंडात घेतली. चिकटा ओढला आणि पचकन थुंकली. पुन्हा ओढला, पुन्हा थुंकली. मग बशीतल्या चहावर घालावी तेवढीच हलकी फुंकर.

"आई गं!" अंकितानं तोंड फिरवलं. "अहो, तोंडात काय घेताय? घाण आहे ती!"

"घाण बघत बसले असते तर एक कोकरू जगलं नसतं माझं."

पिल्लू शिंकलं. मान उचलली, टाकली, परत उचलली आणि बारीक आवाजात चिरकलं.

"जगलं! आत्याबाई, जगलं!" अंकिता नाचायचीच बाकी राहिली. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण पिल्लू घेतलं ते फडक्यात, दोन बोटांनी, आणि बल्बखाली ठेवून लगेच हात धुतले.

शेजारची भागुबाई उंबऱ्यात बसली होती. तिच्या मांडीवर अंकिताची दोन वर्षांची सोनम. पिल्लाचा आवाज ऐकून पोरगी खिदळली, मांडीवरून घसरली आणि आजीकडं धावली. पापा घ्यायला सगुणाबाई वाकली. ओठाच्या कडेला अजून चिकटा होता.

अंकितानं झडप घालून पोरीला मागं ओढलं. "त्या तोंडानं नको! साबणानं धुवा आधी. नाही, राहू द्या, आज नकोच!"

 सगुणाबाईनं तांब्या घेतला आणि मोरीत चूळ भरायला गेली.

भागुबाईला मात्र राहवलं नाही. "आगं बये, ही तुझी पोर जल्मली तवा निळी पडली व्हती. रडंना का हलंना. नाकातोंडात निस्ता चिकटा. तू बेसुद, आन् नर्सबाईचा पत्ता न्हाई. सगुणानं ह्याच तोंडानं वढलं आन् ह्याच तोंडानं फुकलं. मी शेजारी उभी व्हते, म्हनून सांगते. दोन सालं झाली, एका शब्दानं तरी बोलली का तुला?"

 मोरीतून गुळण्यांचा आवाज येत होता. अंकितानं सोनमकडं पाहिलं. पोरीचं नाक पाहिलं, ओठ पाहिले, बराच वेळ पाहत राहिली.

मग आजीचं तोंड आत्ताच लागल्यासारखं तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि पोरीचं तोंड खसाखसा पुसलं.