अर्धा मिली

"एकच टेस्ट लाल आहे ना? मग ती आजच्यापुरती बंद करा," मॅनेजर म्हणाला.

"बंद करायला ती काय पंखा आहे?" टेस्टरबाई खुर्चीतून न हलता म्हणाल्या.

शेजारच्या प्रोग्रामरला हसू आलं. मॅनेजरकडे नजर जाताच त्यानं ते खोकल्यात दडवलं.

मीटिंग रूममध्ये हॉस्पिटलची माणसं येऊन बसली होती. नवजात बाळांच्या वॉर्डसाठी केलेलं ॲप आज त्यांच्या ताब्यात द्यायचं होतं. बाईंनी लिहिलेल्या टेस्ट प्रत्येक बदलानंतर आपोआप चालत. लहानमोठ्या सगळ्या स्क्रीनवर एकेक पान उघडून नावं, तारखा, आकडे नीट दिसतात का, ते पाहत. शेकडो टेस्ट पास होऊन हिरव्या झाल्या होत्या. एक सकाळपासून अडून बसली होती.

"औषधाचं नाव लांब असलं की उभ्या स्क्रीनवर ओळ भलतीकडेच तुटते," बाई म्हणाल्या. "डोस अर्धा मिली असला की शून्य आणि पॉइंट वर राहतात. पाच मिली खाली उतरतं."

"ताई, हा नुसता दिसण्याचा प्रश्न आहे. आत आकडा बरोबरच आहे."

"नर्स आत शिरून वाचत नाही."

मॅनेजरचा आवाज चढला. "तुम्ही करत नसाल तर मी बंद करतो."

बाईंनी कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. "करा. कुणी बंद केली आणि का, ते खाली लिहावं लागतं. तेही तुमच्याच हातानं लिहा."

त्यानं कीबोर्डला बोटही लावलं नाही. "हे तुम्हाला जड जाईल, सांगून ठेवतो."

या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं? त्या उठल्या, टेबलावरचा टॅब्लेट उचलला आणि तडक मीटिंग रूमचं दार ढकललं. मागून मॅनेजर "अहो, अहो" करत आला.

हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टर हातात पेन घेऊन बसल्या होत्या. बाईंनी ॲपमधलं तेच पान उघडून टॅब्लेट त्यांच्यासमोर आडवा ठेवला.

"सिस्टर, एवढं मोठ्यानं वाचता का?"

सिस्टरनी सवयीनं तो उभा धरला. "आम्हाला असाच लागतो. दुसऱ्या हातात बाळ असतं." मग चष्मा सावरून त्यांनी औषधाचं लांबलचक नाव वाचलं आणि खालच्या ओळीवर आल्या. "पाच मिली."

त्या थबकल्या.

"पाच? दोन किलोच्या बाळाला?"

स्क्रीन डोळ्यांजवळ नेल्यावर त्यांना वरच्या ओळीच्या टोकाला पडलेलं शून्य दिसलं.

"मला शंका आली," सिस्टर सावकाश म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात परवाच रुजू झालेल्या मुलीला येईलच असं नाही."

मॅनेजरनं घसा साफ केला. "बारीकसंच काम आहे, मॅडम. पुढच्या आठवड्यात करून देतो. आज फक्त सही..."

सिस्टरनी पेनाला टोपण लावलं आणि त्या बाईंकडे वळल्या.

"हे तुम्हाला कसं सापडलं?"

"टेस्ट लाल झाली."

"आणखी आहेत अशा टेस्ट?"

"पुष्कळ आहेत."

सिस्टर उठल्या. आपली खुर्ची त्यांनी स्वतःच उचलली आणि दाराकडे निघाल्या.

"तुमचं टेबल कुठंय? मला सगळ्या बघायच्यात."