घडीची टाकी

धान्य साठवण्याचा मानवजातीचा प्रश्न चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात तरसालीच्या एका ब्लॉकमध्ये कायमचा सुटला. गुणवंतरावांनी प्रदर्शनातून रबरी कापडाची घडीची टाकी आणली. पाणी भरा, तेल भरा, नाहीतर वर्षाचे गहू भरा. रिकामी झाली की गुंडाळून कपाटावर ठेवा.

"अहो, पण उंदीर?" गव्हाला एरंडेल चोळता चोळता रमाबाईंनी विचारलं.

"दात पडतील त्याचे! इम्पोर्टेड कापड आहे."

"ते त्याला कोण सांगणार?"

शेजारचे पटेलकाका मात्र खूश झाले. "सरस छे, गुणवंतभाई! पावसाळाभर टिकली, तर सोसायटीसाठी बारा मागवू." झालं, गव्हाबरोबर गुणवंतरावांची अब्रूही टाकीत भरली गेली.

दसऱ्याला पटेलकाका तपासणीला आले. चार महिने स्वयंपाकघराकडे न फिरकलेले गुणवंतराव त्यांना ऐटीत आत घेऊन गेले, तर कोपऱ्यात टाकीच नाही! रमाबाईंनी शांतपणे पत्र्याच्या मोठ्या कोठीचं झाकण उचललं. आत टाकी, टाकीत गहू. कुठे कीड नाही की ओरखडा नाही.

"बघा, मी म्हणालो नव्हतो?" गुणवंतराव म्हणाले.



पटेलकाकांनी त्याच संध्याकाळी लहरीपुऱ्याच्या बाजारातून पत्र्याच्या बारा कोठ्या आणल्या.