ठाकुर्लीची पिकअप

काळुरामनं बॉनेट उचललं आणि गुरुदत्त मास्तर दोन पावलं मागे सरकले. या मेकॅनिकला कल्याणहून त्यांनी स्वतःच आणलं होतं. आता त्याचा हात लागला की गाडी सुरू होणार. सुरू झाली की ती ठाण्याला न्यावी लागणार. मग पुढच्या रविवारी ठाकुर्लीला उतरायला निमित्त काय?

आषाढापासून सात महिने निमित्त चांगलं चाललं होतं. लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेली ती पिकअप. अंगावर अजून हिरवा रंग, एका दाराला काथ्याची दोरी. लढाईवरून परतल्यावर ठाकुर्लीच्या प्रमोदिनीबाईंच्या नवऱ्यानं ती घेतली, काही वर्षं कल्याणच्या बाजारातून कांदेबटाटे वाहिले आणि एका पावसाळ्यात तो विषमज्वरानं गेला. गाडी अंगणात बसून राहिली. ती विकायची आहे एवढं कानावर आलं, तसे मास्तर दुसऱ्याच दिवशी हजर झाले.

"चालत नाही हं," बाईंनी बजावलं होतं.

"चालवीन," मास्तर म्हणाले होते. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, सायकलवरसुद्धा कधी न बसलेल्या माणसाच्या तोंडून हे निघालं कसं, याचं त्यांना आजही नवल वाटे.

खरं तर नवल नव्हतं. बारा वर्षांपूर्वी टेंभी नाक्याजवळच्या एका घरी मास्तर मुलगी पाहायला गेले होते. समोर बसलेल्या मुलीनं मान वर करून विचारलं होतं, "हल्ली काय वाचताय?" मुलीनं प्रश्न विचारायचा नसतो. मास्तरांबरोबर आलेले त्यांचे मामा तिथंच बिथरले. परतताना म्हणाले, "आगाऊ आहे." मास्तरांना म्हणायचं होतं, मला हीच हवी. त्यांनी नुसती मान हलवली. त्यानंतर त्यांनी दुसरी मुलगी पाहिली नाही, आणि प्रमोदिनीचं लग्न झाल्याचं त्यांना तिसऱ्याकडून कळलं. आषाढात ते अंगणात येऊन उभे राहिले तेव्हा जुनी ओळख दोघांनीही दाखवली नाही.

गाडीचे पैसे मास्तरांनी त्याच दिवशी मोजले; चालती होईपर्यंत ती तिथंच अंगणात राहायची होती. फोर्टातल्या फुटपाथवरून त्यांनी मोटारदुरुस्तीचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. ते भलत्याच मेकच्या गाडीचं निघालं. तरी मास्तरांनी ते पाठ केलं. दर रविवारी ते एकेक भाग सोडवत, घासत, पुन्हा जोडत. प्रमोदिनीबाईंच्या सासूबाई, रंगूबाई, ओसरीवर शेंगा सोलता सोलता विचारीत, "मास्तर, गाडी दुरुस्त करताय की पाळलीय?" अकराच्या सुमारास प्रमोदिनीबाई चहा आणत. कप रिकामा होईपर्यंत उभ्या राहत. दोन वाक्यं बोलत, कधी तीन. त्या दोनतीन वाक्यांवर मास्तरांचा पुढचा आठवडा निघे.

गाडी मात्र एकदाही बोलली नाही. आपल्या हातांना अक्कल नाही, असं म्हणून मास्तर संध्याकाळी हात धूत, आणि परतताना मनातून देवाचे आभार मानत.

गेल्या रविवारी रंगूबाईंनी थट्टा केली नाही. "आता हा सांगाडा हलवा, मास्तर," त्या म्हणाल्या. "आळीतल्या बायका बोलायला लागल्यात. माझी सून आहे. ऐकून मला घ्यावं लागतं."

म्हणून काळुराम आला होता.

त्यानं प्लग काढून पाहिले. तारा ओढून पाहिल्या. "काम झ्याक केलंय तुमी," तो म्हणाला. मास्तरांना ते खरं वाटेना. मग त्यानं इंजिनच्या बाजूचं एक काळं टोपण उघडलं आणि तो मोठ्यांदा हसला.

"अवो मास्तर, रोटर कुठं हाय?"

"म्हणजे काय?"

"करंट वाटणारा. अंगठ्याएवढा असतो. त्याच्याबिगर ही जन्मात चालायची नाय. मिलिट्रीतले डायवर गाडी लावली का रोटर काढून खिशात घालतात, कुणी पळवायला नको म्हणून. आदीचा मालक मिलिट्रीतला काय?"

टोपणाखालची ती रिकामी जागा मास्तरांनी वीस वेळा तरी पुसली असेल. तिथं काही असायला हवं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या प्रमोदिनीबाई पायरीवरच थांबल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. आत गेल्या. परत आल्या त्या थेट गाडीपाशी, आणि त्यांनी मूठ उघडली. तळहातावर काळा, अंगठ्याएवढा तुकडा होता. त्यावर धुळीचा कण नव्हता.

"अगं बाई! तुझ्याजवळ होता?" रंगूबाईंच्या सुपातल्या शेंगा सांडल्या.

"हे शेवटचे गाडीतून उतरले, तेव्हा यांच्या सदऱ्याच्या खिशात होता," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "गाडी विकली. पण हा देववेना."

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. ही बाई एवढंसं दुःख मुठीत धरून बसली होती, आणि आपण दर रविवारी त्याच्याभोवती पाने-पकडी वाजवत होतो. काळुरामनं हात पुढे केला. मास्तरांनी तो मागे सारला.

"तो तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "मी बैल आणतो. गाडी ओढत नेतो."

"बैल?" काळुराम म्हणाला. "मंग मला कशापायी आणलाव?"

प्रमोदिनीबाईंनी मूठ मिटली नाही. ओसरीकडे पाहिलंही नाही.

"दिवाळीपर्यंत तो ह्यांच्यासाठी ठेवला होता, मास्तर," त्या म्हणाल्या. "नंतर रविवारसाठी."